हडसनच्या पोटातील वाट

२०२५ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्क शहरातील दोन मोठ्या रेल्वेकामांचा सुमारे १८ अब्ज डॉलरांचा निधी रोखून धरल्याचे जाहीर केले. कंत्राटे देताना काही समाजगटांना झुकते माप दिले गेले काय, याची तपासणी करावयाची आहे, असे कारण सांगण्यात आले. अर्थसंकल्पाच्या भांडणातून त्याच दिवशी त्या सरकारचे कामकाज ठप्प झाले होते आणि विरोधी पक्षाचे संसदेतील दोन्ही नेते न्यूयॉर्कचेच होते. या योगायोगाकडे लक्ष वेधण्यास फार मोठ्या राजकीय पांडित्याची गरज नव्हती. पुढे हा वाद न्यायालयापर्यंत गेला. या दोन कामांपैकी एक म्हणजे हडसन नदीखालून जाणारा रेल्वेचा नवा बोगदा. ज्या जुन्या बोगद्याच्या मदतीला तो यावयाचा आहे, त्याच्या दोन नळांतून १९१० सालापासून आगगाड्या धावत आहेत.

हजारो मैलांवरच्या नदीखालची ही कथा पणजीतल्या वर्तमानपत्राने का सांगावी, असे एखादा वाचक विचारील. त्याने ५ जुलै १९८६ हा दिवस आठवावा. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० साली वाहतुकीस खुला झालेला पूल उणीपुरी सोळा वर्षे उभा राहिला, आणि नवा पूल १९९२ साली होईपर्यंत पणजी आणि बेती यांच्यामध्ये पुन्हा फेरीबोटींचे राज्य आले. शहराला जोडणारी वाट एकच असली आणि ती गेली म्हणजे काय होते, हे आम्हा गोमंतकीयांस कोणी शिकवावयास नको. न्यूयॉर्ककरांना ती भीती गेली कित्येक वर्षे वाटत आली आहे.

फेरीबोटीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पश्चिमेकडून येणाऱ्या पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या गाड्या न्यूयॉर्कला पोहोचतच नसत. अमेरिकेतील त्या बलाढ्य कंपनीचा लोहमार्ग नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीच्या काठावर संपे. उतारूंनी तेथे सामान उतरवावे, नावेत बसावे आणि धुके, बर्फ व वारा यांच्या मर्जीने मॅनहॅटन गाठावे, असा क्रम होता. पुलाचा विचार झाला. गुस्ताव लिंडेंथाल या अभियंत्याने एका प्रचंड पुलाचा आराखडा करून ठेवला होता. परंतु त्याचा खर्च एका कंपनीला पेलणारा नव्हता आणि इतर कंपन्या वाटा उचलावयास पुढे येईनात. बोगदा काढावा तर वाफेच्या इंजिनाचा धूर एवढ्या लांब बिळात माणसे गुदमरवील. कंपनीचे अध्यक्ष अलेक्झांडर कॅसाट यांनी १९०१ साली पॅरिसमध्ये ओर्से स्थानकात विजेवर चालणाऱ्या गाड्या शहराच्या पोटात शिरताना पाहिल्या आणि त्यांचा निर्णय झाला. चित्रकलेची आवड असणाऱ्या वाचकांस सांगावयास हरकत नाही की, पॅरिसमध्ये नाव कमावलेल्या मेरी कॅसाट या चित्रकर्त्री त्यांच्या भगिनी.

परंतु हडसनखाली शिरण्याचे साहस त्यापूर्वीच एकाने केले होते आणि त्याची किंमत इतरांनी मोजली होती. डी विट क्लिंटन हॅस्किन या उद्योजकाने १८७४ साली न्यू जर्सीच्या बाजूने खणावयास आरंभ केला. बोगद्यात दाबाची हवा भरून ठेवावी म्हणजे तीच गाळाला व पाण्याला थोपवून धरील, अशी त्याची समजूत होती. समजूत मुळात खोटी नव्हती, अपुरी होती. लंडनमध्ये मार्क ब्रूनेल यांनी थेम्सखाली १८२५ ते १८४३ या काळात बोगदा नेला, तेव्हा खणणाऱ्या माणसांच्या पुढे लोखंडाची एक भक्कम चौकट सरकत ठेवली होती. होड्यांच्या लाकडात भोके पाडणारा जो किडा आमच्या दर्यावर्दी बांधवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी, तो पुढे पोखरतो आणि मागे आपल्या बिळाला कठीण अस्तर करीत जातो. त्याच्यापासून आपल्याला ही युक्ती सुचली, असे ब्रूनेल सांगत. या चौकटीला 'ढाल' असे नाव पडले. हॅस्किनकडे ढाल नव्हती.

२१ जुलै १८८० रोजी पहाटे हवा एका फटीतून निसटली आणि माती कोसळू लागली. आत अठ्ठावीस माणसे होती. बोगद्यातून बाहेर पडावयाचे तर हवेच्या दाबाची एक लोखंडी कोठडी ओलांडावी लागे. आठ जण तीत शिरले, इतक्यात पडलेल्या लाकडांनी मागचे दार अर्धवट अडले. पुढचे दार हवेच्या दाबामुळे उघडेना. मागे राहिलेल्यांमध्ये पीटर वुडलँड हा कामावरचा एक अधिकारी होता. पुढच्या दाराची काच फोडा, असे त्याने कोठडीतल्यांना सांगितले. काच फुटली की दाब उतरेल, दार उघडेल, आठ जण सुटतील आणि राहिलेल्यांवर नदी येईल, हे त्याला ठाऊक होते. काच फुटली. आठ वाचले, वुडलँडसह वीस जण गेले.

पुढे १८८९ साली एका ब्रिटिश कंपनीने ढाल घेऊन तेच काम हाती घेतले, तेव्हा आणखी एक शत्रू दिसला. दाबाच्या हवेतून एकदम मोकळ्या हवेत आलेल्या मजुराच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे आखडतात, अंग लुळे पडते, कधी मृत्यू येतो. अर्नेस्ट मॉयर हे अभियंते तेथे आले तेव्हा पन्नासाच्या आतबाहेर मजुरांतून महिन्याला सरासरी एक माणूस या व्याधीने मरत होता. मॉयर यांनी काठावर लोखंडी पिंपासारखी एक खोली बसविली. आजारी माणसाला तीत ठेवून पुन्हा दाबाची हवा भरावयाची आणि मग तो दाब हळूहळू उतरवावयाचा. मृत्यू झपाट्याने कमी झाले. पाणबुड्यांसाठी आज जगभर जी उपचारपद्धती वापरली जाते तिचा एक धागा हडसनच्या या चिखलात सापडतो. तो अर्धवट बोगदा शेवटी विल्यम मॅकअडू यांच्या कंपनीने पुरा केला आणि २५ फेब्रुवारी १९०८ रोजी हडसनखालून पहिली प्रवासी गाडी गेली.

मॅकअडू यांच्या बोगद्याचे अभियंते चार्ल्स जेकब्स यांच्याकडेच पेनसिल्व्हेनिया रेल्वेचेही हडसनखालचे काम होते. १९०४ साली काम सुरू झाले आणि दोन्ही काठांवरून ढाली निघाल्या. नदीचा तळ खडकाचा नव्हे, दह्यासारखा गाळ. ढालीची दारे बंद ठेवून ती नुसती रेटली तरी गाळ बाजूला सरे. पण मग नळ वर उचलला जाऊ लागे, म्हणून थोडा गाळ दारांतून आत घ्यावयाचा. किती घ्यावयाचा यावर नळाची पातळी राखावयाची. जाणत्या सुकाणूवाल्याचेच हे काम म्हणावयाचे, फक्त पाण्याऐवजी चिखलात आणि डोळे बांधून. ढालीमागे ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून २३ फूट व्यासाची कडी बसवीत जावयाची आणि आतून सुमारे दोन फूट जाडीचे काँक्रीट द्यावयाचे. १९०६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन्ही नळांच्या ढाली नदीखाली समोरासमोर आल्या, त्या अगदी नेमक्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅसाट वारले. आपल्या बोगद्यातून गेलेली गाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

जुळणी झाल्यावर अभियंत्यांची झोप उडविणारी एक गोष्ट उघडकीस आली. नळ हलत होते. गाळात तरंगणारे हे लोखंडी नळ भरतीला किंचित दबत आणि ओहोटीला किंचित वर येत. हालचाल इंचाच्या अंशाइतकीच, पण वरून शेकडो टनांच्या गाड्या जावयाच्या. नळांच्या तळातून खडकापर्यंत लोखंडी खांब उतरवून त्यांवर नळ टेकवावेत, अशी मूळ योजना होती. नळ खांबांना जखडला आणि भोवतालचा गाळ हलत राहिला तर जोड निखळेल, असे एकाचे म्हणणे; खांब नसतील तर नळ खचेल, असे दुसऱ्याचे. महिनोन्‌महिने मोजमापे घेण्यात आली, आणि याची वार्ता बाहेर फारशी जाऊ दिली गेली नाही. अखेर खांब न देण्याचा निर्णय झाला. २७ नोव्हेंबर १९१० रोजी पेनसिल्व्हेनिया स्थानक हडसनपलीकडच्या गाड्यांसाठी उघडले. नळ भरती-ओहोटीबरोबर हलत राहिले आहेत आणि शतकाहून अधिक काळ टिकले आहेत. काँक्रीटच्या जाड थराखाली प्रत्येक चूक गाडून टाकता येते, असे मानणाऱ्या आजच्या कंत्राटदारांनी या निर्णयाचा इतिहास वाचण्यासारखा आहे. दिमाखदार स्थानकाची इमारत मात्र १९६३ पासून पाडण्यात आली. न्यूयॉर्कने जे डोळ्यांना दिसत होते ते मोडले. आणि जे दिसत नव्हते ते बदलावे असे पन्नास वर्षे कोणाच्या मनातही आले नाही.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाने समुद्र शहरात आणला. हडसनखालचे दोन्ही नळ आणि पूर्वेकडील ईस्ट नदीखालच्या चार नळांपैकी दोन खाऱ्या पाण्याने भरले. पंपांनी पाणी उपसले आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. वरवर पाहणाऱ्याला संकट टळले असेच वाटले. पण पाणी गेले तरी मीठ राहते. किनाऱ्यावर घर असलेल्यास हे वेगळे सांगावयास नको. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना कठड्यासारखे जे काँक्रीटचे कट्टे आहेत, त्यांच्याच पोटातून १२,००० व्होल्टच्या वाहिन्या जातात. क्लोराइड व सल्फेट या क्षारांनी ते काँक्रीट आतून खाल्ले जात आहे. वाहिनी नादुरुस्त झाली तर कट्टा फोडल्यावाचून तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही, आणि कट्टा फोडावयाचा तर नळ बंद ठेवावयास हवा.

येथेच सारी मेख आहे. एक नळ जाण्याचा, एक येण्याचा. गर्दीच्या तासाला दोन्ही मिळून एका दिशेने चोवीस गाड्या नेता येतात. एक नळ बंद केला तर उरलेल्या एकातून आळीपाळीने दोन्ही दिशांच्या गाड्या सोडाव्या लागतील, आणि चोविसांच्या जागी सहा गाड्या उरतील. निम्म्या नव्हेत, चतुर्थांश. करोनाच्या महासाथीपूर्वी या वाटेने दिवसाला सुमारे ४५० गाड्या आणि दोन लाख उतारू जात होते. म्हणून आधी नवा बोगदा, मग जुन्याची डागडुजी, हा क्रम कोणाच्या लहरीचा नसून गणिताचा आहे.

ईस्ट नदीखाली चार नळ असल्यामुळे तेथे असे अडले नाही. सँडीत भरलेल्या दोन नळांपैकी एक मे २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी पूर्ण बंद करण्यात आला. तो झाला की दुसरा, आणि २०२७ पर्यंत दोन्ही नवे, असा बेत ठरला. आतले कट्टे, रूळ, खडी, वाहिन्या, सिग्नल सारे काढून फक्त १९१० पूर्वीचे कवच ठेवावयाचे, असे हे काम. राज्याच्या गव्हर्नरबाईंचे म्हणणे पडले की, नळ बंद न करता रात्री आणि सुटीच्या दिवशी दुरुस्ती करावी. हा वाद न्यूयॉर्कला नवा नाही. भुयारी रेल्वेचा माँटेग्यू रस्त्याचा नळ २०१३-१४ साली तेरा महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त झाला. (तो बांधला जात असताना, १९१६ साली, दाबाची हवा फुटून मार्शल मेबी नावाचा मजूर नदीचा तळ आणि वरचे पाणी भेदून आकाशात उडाला आणि जिवंत राहिला. त्याच्याबरोबर उडालेले दोघे मात्र वाचले नाहीत.) उलट १९२४ चा कॅनार्सी नळ पंधरा महिने बंद करण्याची सारी तयारी झाली असता तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो प्राध्यापकांना घेऊन रात्री बोगद्यात उतरले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी बंदचा बेत रद्द केला. जुन्या वाहिन्या कट्ट्यातच सोडून द्याव्यात आणि नव्या भिंतीवर टांगाव्यात, असा तोडगा निघाला. अभियंत्यांनी वर्षानुवर्षे केलेला विचार एका मंत्र्याच्या रात्रीच्या फेरफटक्याने उलटावा, हे आम्हास मुळीच रुचणारे नाही. पण प्रामाणिकपणे लिहावयाचे तर तो नळ एप्रिल २०२० मध्ये दुरुस्त होऊन मोकळा झाला आणि लोकांचे हाल टळले. तज्ज्ञांचा आदर करणाऱ्यानेही हे मान्य केले पाहिजे.

हडसनच्या बाबतीत मात्र राजकारणाने असा एकही दिवस वाचविलेला नाही, वर्षे घालविली आहेत. सँडीपूर्वीच, २००९ साली, नव्या नळांच्या एका योजनेचे काम सुरू झाले होते. खर्च फुगेल आणि तो आपल्या राज्यावर पडेल, या कारणाने न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये ते बंद केले. ती योजना चालली असती तर वादळ आले तेव्हा नवे नळ अर्धे झाले असते. २०११ मध्ये नवी योजना मांडली गेली. तिला पर्यावरणविषयक मंजुरी मिळावयास मे २०२१ उजाडला. केंद्राशी पूर्ण निधीचा करार जुलै २०२४ मध्ये झाला. खर्चाचा अंदाज १६ अब्ज डॉलर. यातले एकच शहाणपण नोंदवून ठेवण्यासारखे आहे. मॅनहॅटनच्या काठावर रेल्वेच्या आवारावर उंच इमारती उभ्या राहावयाच्या होत्या. त्या झाल्या असत्या तर बोगद्याची वाट कायमची बुजली असती. म्हणून पैसा, मंजुरी, आराखडा यांपैकी काहीही हाती नसताना २०१३ पासून त्या इमारतींखाली भविष्यातल्या रुळांसाठी काँक्रीटची एक रिकामी पेटी बांधून ठेवण्यात आली. वेळापत्रक पाळले गेले तर २०३५ साली नव्या नळांतून गाड्या जातील, आणि मग जुने नळ एकेक करून बंद करून २०३८ पर्यंत नवे करण्यात येतील. तोवर १९१० चे नळ आणि त्यांच्या पोटातले मीठ यांच्या भरवशावर त्या महानगराने दिवस काढावयाचे.

आपल्याकडे नदीखालची रेल्वे आता कोठे सुरू होत आहे. कलकत्त्यास हुगळीखालून ५२० मीटर लांबीची वाट ६ मार्च २०२४ रोजी खुली झाली. त्याच मार्गावर २०१९ साली बोबाजारात घरांना तडे गेले आणि काही कोसळली, हेही विसरता येत नाही. मुंबईत मेट्रो मिठी नदीखालून जाते. ही सारी कामे कोवळी आहेत. त्यांच्या कट्ट्यांची आणि वाहिन्यांची परीक्षा आमच्या नातवंडांच्या काळात व्हावयाची.

पेडण्याच्या बोगद्याचे तसे नाही. तो नदीखाली नाही, पण तेथली मऊ चिकणमाती हडसनच्या गाळाचीच चुलत बहीण, आणि कोकण रेल्वेच्या उभारणीत याच ठिकाणी सर्वांत अधिक छळ झाला. १९९८ साली मार्ग पूर्ण झाला. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याची भिंत कोसळली आणि गाड्या महिन्याहून अधिक काळ मिरज-लोंढ्याच्या वळणाने न्याव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्याच्या तळातून पाणी व चिखल उसळला आणि मार्ग पुन्हा थांबला. पूर्वतयारी म्हणून दर पावसाळ्याच्या तोंडाला बोगद्यांची पाहणी होते, त्याबद्दल आम्ही कोणावर संशय घेत नाही. पण पाण्याचा निचरा कोठे तुंबला होता, कोणत्या मीटरला अस्तर बदलले, कोणत्या मीटरला ते पुढच्या वर्षावर टाकले आणि का, हे त्या गाडीने चाकरीला जाणाऱ्या माणसास सोप्या मराठीत व कोंकणीत कळले पाहिजे. कोकण रेल्वेने मे महिन्यात एवढा एक तक्ता वृत्तपत्रांकडे पाठवावा. आम्ही तो पहिल्या पानावर छापू. जागेची अडचण सांगणार नाही.